मंदाकिनी पाण्यात उतरली

माझ्या नवऱ्याने मंदाकिनीला घरी आणलं तेव्हा मला विचारलं नव्हतं. चार हमाल लावून तिला टेम्पोतून आमच्या पार्किंगमध्ये उतरवलं आणि मग मला फोन केला, "नमू, जरा खाली ये." खाली गेले तर एक जुनी मोटरबोट. पांढरं फायबर, कडेला निळा पट्टा, मागे काळं इंजिन आणि नाकाडावर आधीच्या मालकाने ठसठशीत रंगवलेलं नाव. ही मंदाकिनी त्याची आई होती, बायको होती की आणखी कोण होती, हे विचारायचं आमच्या दत्तप्रसादला सुचलं नव्हतं. इंजिन शेवटचं कधी चाललं होतं, हेही विचारायचं सुचलं नव्हतं.

आम्ही राहायचो वाघोलीला. त्या वर्षांत वाघोलीत सगळं येत होतं. कॉलेजं आली, टॉवर आले, आयटीवाले आले, पिझ्झा आला. पाणी तेवढं यायचं राहिलं होतं. ते टँकरने यायचं आणि टँकर त्याच्या मर्जीने यायचा. मी शनिवार पेठेत वाढलेली, नळ उघडला की पाणी येतं एवढंच मला माहीत होतं. लग्न होऊन वाघोलीला आल्यावर बादलीशी ओळख झाली. अशा सोसायटीत माझ्या नवऱ्याने बोट आणली. कंपनीने त्याला दीड वर्ष अमेरिकेला पाठवलं होतं, तिथे म्हणे प्रत्येक शेजाऱ्याकडे बोट होती. लोक तिकडून चॉकलेटं आणतात, हा ही हौस घेऊन आला.

सोसायटीचे अध्यक्ष तात्याराव. त्यांना बोलण्यापेक्षा फळ्यावर लिहायला आवडायचं. दुसऱ्याच दिवशी फळा लागला: "पार्किंग वाहनांसाठी आहे. जे रस्त्यावर चालत नाही ते वाहन नव्हे." मग दत्ताने निळा प्लास्टिकचा ड्रम आणला, तो पाण्याने भरला, इंजिनाचं शेपूट त्यात बुडवलं आणि ते सुरू करून पाहिलं. पाणी सोडून द्यायला ड्रमच्या तळाशी एक भोकही पाडून घेतलं होतं. इंजिन मिनिटभर खोकलं आणि पार्किंगमध्ये धूर झाला. त्यावर फळा लागला: "सोसायटीचे पाणी सभासदांनी पिण्यासाठी आहे. इंजिनास पाजू नये." पावसाळ्यात बोटीत पाणी साचायला लागलं तेव्हा तिसरा: "साचलेल्या पाण्यात डास होतात. बोटीचे पाणी बोटीबाहेर असावे." म्हणून दत्ताने बोटीच्या मागच्या भोकाचं बूच काढून सीटवर ठेवून दिलं. पाणी वाहून गेलं, डास झाले नाहीत, तात्याराव गप्प बसले. ते बूच लक्षात ठेवा. आम्ही ठेवलं नाही.

आता अमेरिका हे नुसतं निमित्त होतं. बोट आली ती माझ्या सासूबाईंसाठी.

विमलाबाई गोंदियाकडच्या. तिकडे गावोगावी मोठी तळी. त्यांचं माहेरही तळ्याकाठचं आणि सासरही. सासरे, महिपतराव, गेल्यावर दत्ता त्यांना पुण्याला घेऊन आला. दोन वर्षं त्यांनी आमच्याकडे पाचव्या मजल्यावर न करमता काढली आणि त्या वर्षी गणपतीत जाहीर करून टाकलं, की दसरा झाला की आपण गावी परत. कायमच्या. "इथं माझं काय काम आहे बाप्पा? तुम्ही दोघं ऑफिसात जाता, मी दिवसभर लिफ्टचा आवाज ऐकून राहिली." दत्ताला बसवून त्यांनी त्याच्याकडून कॉम्प्युटरवर तिकीटही काढून घेतलं. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी रात्रीची गाडी.

त्यांनी जाऊ नये असं मला फार वाटत होतं. हे इथे स्पष्ट लिहिते, कारण तेव्हा तोंडातून निघत नव्हतं. आमच्या माहेरी असलं बोलायची पद्धत नाही. कुणी कायमचं निघालं तरी "डबा घेतलास ना?" एवढंच विचारतात. संध्याकाळी मी ऑफिसातून आले की आम्ही दोघी गॅलरीत चहा घ्यायचो आणि खाली फेऱ्या मारणाऱ्या तात्यारावांकडे बघून हसायचो. सासूबाई हसायला लागल्या की तोंडात पदर कोंबायच्या आणि तरी ते हसू पाचव्या मजल्यावरून खाली पोचायचं. त्या गेल्यावर त्या गॅलरीत मी करणार काय होते, कपडे वाळत घालणार?

दत्ताची योजना सोपी होती. "आई पाण्याकाठी वाढलीये. तिला एकदा मनसोक्त पाण्यात फिरवू. मग तिला इथे करमेल."

"पाणी दोन तासांवर, आणि करमणार वाघोलीत?" मी म्हटलं.

"तू फार निगेटिव्ह बोलतेस," तो म्हणाला.

दसऱ्याला सगळं पुणं आपापल्या गाड्यांना झेंडूच्या माळा घालत होतं. आम्ही आमचं वाहन टेम्पोत घालून शहरभर मिरवत नेलं आणि मागून आम्ही तिघं गाडीतून. दांडेकर पुलाच्या सिग्नलला एक स्कूटरवाले काका शेजारी थांबले. त्यांनी बोटीकडे पाहिलं, मग आमच्याकडे पाहिलं. "आज धरणातून पाणी सोडणारेत का? आम्हाला कुणी काही बोललं नाही," ते म्हणाले आणि सिग्नल सुटायच्या आत निघूनही गेले. सासूबाई खडकवासला येईपर्यंत हसत होत्या.

खडकवासल्याच्या पुढे, पानशेतच्या रस्त्याला बाबुरावांची जमीन आहे, ती थेट पाण्यापर्यंत उतरते. दत्ताच्या ऑफिसातल्या कुणीतरी ओळख काढून दिली होती. बाबुराव बांधावर बसलेच होते. धरण काठोकाठ भरलेलं, डोंगर अजून हिरवे, आणि पाणी ऊन पडून असं चमकत होतं की सासूबाई गाडीतून उतरल्या त्या थेट पाण्यापर्यंत चालत गेल्या.

"नवी हाय का?" बाबुरावांनी बोटीकडे बघून विचारलं.

"सेकंडहँड," दत्ता म्हणाला.

"मंग पवायला येत आसंल तिला," बाबुराव म्हणाले आणि पोरांना हाक मारून त्यांनी बोट उतरवायला लावली.

बोट पाण्यात ढकलायच्या आधी पूजा. यात सासूबाई कुणाचं ऐकणार नव्हत्या. वाहनाच्या चाकाखाली लिंबू ठेवायचं असतं. बोटीला चाक नाही, तेव्हा तिच्या वाटेवर चिखलात लिंबू ठेवलं. इंजिनावर कुंकवाचं स्वस्तिक काढलं. पुढच्या टोकाला विड्याच्या पानावर तांदूळ, तांदळावर सुपारीचा गणपती, शेजारी हिरवा खण. नारळ मात्र दत्ताने फोडू दिला नाही, फायबरला तडा जाईल म्हणाला. तो तसाच अख्खा बोटीत ठेवला. झेंडूची एक माळ नाकाडाला आणि दुसरी सासूबाईंनी इंजिनाला घातली.

"आई, इंजिनाला माळ नको गं."

"चालवणार तर तेच आहे ना? मग त्यालेच काहून नको?"

माळ राहिली. बोट लिंबू चिरडून पाण्यात गेली. केशरी लाइफ जॅकेटं घालून आम्ही तिघं बसलो. सासूबाई पुढे, पातळावर जॅकेट आणि जॅकेटवर पदर. मी मध्ये, पुऱ्यांचा डबा आणि श्रीखंडाचा डबा मांडीवर घेऊन. दत्ता मागे, इंजिनापाशी.

इंजिन सुरू करायला दोरी ओढायची असते. दत्ताने ओढली. पुन्हा ओढली. मग उभं राहून ओढली. मग जॅकेट काढून ओढली, मग माझ्या डोळ्यांकडे बघून जॅकेट परत घालून ओढली. काठावर बाबुरावांचं घर, शेजारपाजार आणि दोन म्हशी असा श्रोतृवर्ग जमला होता. "पेट्रोल हाय का त्यात?" बाबुरावांनी विचारलं. "आहे," दत्ता दातओठ खात म्हणाला. "न्हाय, आपलं इचारलं."

आणि इंजिन सुरू झालं. गिअरचा दांडा आधीच पुढे पडलेला होता, हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. बोटीने अशी उडी घेतली की उभा असलेला दत्ता मागे न पडता, कसं कोण जाणे, पुढे येऊन पुऱ्यांच्या डब्यावर बसला. इंजिनापाशी कुणीच नाही आणि बोट सुसाट. मी ओरडले. दत्ता रांगत मागे गेला आणि त्याने दांडा पकडला. आणि पुढून आवाज आला, "दत्तू, अजून जोरात घे!"

त्याने घेतलं. मी शनिवार पेठेतली बाई. माझ्या आयुष्यातला वेग म्हणजे लक्ष्मी रोडला दुपारी मिळणारा मोकळा रस्ता. पण त्या पाण्यावर वारा तोंडात शिरायला लागला आणि माझ्या घशातून एक किंकाळी निघाली, ती भीतीची नव्हती. मला फार मजा येत होती. पाण्याचे तुषार उडत होते, सासूबाईंचा पदर झेंड्यासारखा फडफडत होता आणि त्या पुढे बसून हात वर करून डोंगरांना काहीतरी सांगत होत्या. दत्ता मागून मला खुणा करत होता, बघ, बघ, करमतंय.

तेवढ्यात इंजिनावरची माळ घसरली.

खर्र असा आवाज झाला आणि सगळं थांबलं. दत्ताने इंजिन वर उचललं, तर पंख्याला झेंडूचा हा एवढा गोळा. दोरा असा करकचून बसला होता की सुटेना. पूजेच्या सामानातली सुरी घेऊन दत्ता बोटीबाहेर लोंबकळत ते कापायला लागला. मी त्याचं जॅकेट धरून ठेवलं. फुलं सुटी होऊन पाण्यावर पसरत गेली.

"छान दिसून राहिलं," सासूबाई म्हणाल्या.

"आई, तू प्लीज बोलू नकोस."

दोरा निघाला. इंजिन सुरू झालं. आम्ही पुन्हा ओरडायला तोंडं उघडली आणि ते पुन्हा बंद पडलं. या वेळी खर्र नाही, नुसतं आचके देत देत. दत्ताने कान लावला, ठोकून पाहिलं, मग पेट्रोलच्या टाकीचं झाकण उघडलं. टाकीने सुस्स करून मोठा श्वास घेतला.

"सापडलं," तो म्हणाला. "झाकणावर हवेचा स्क्रू असतो, तो सैल करायचा राहिला. आत हवा जात नव्हती म्हणून पेट्रोल बाहेर येत नव्हतं. रूट कॉज मिळालं." ऑफिसात रात्री जागून एखादा प्रॉब्लेम सोडवल्यावर त्याचा चेहरा जसा होतो, तसा झाला होता. मला त्याचं कौतुकही वाटलं. पण माझी पावलं गार पडली होती.

"दत्ता, बोटीत पाणी असतं का?"

"थोडं असतंच."

"घोट्याच्या वर असतं का?"

त्याने खाली पाहिलं. तळाच्या फळ्या तरंगायला लागल्या होत्या. एक पुरी त्याच्या बुटाला प्रदक्षिणा घालत होती. त्याने मागची फळी बाजूला केली. तिथे गोल भोक होतं आणि त्यातून धरण शांतपणे आत येत होतं.

"बूच," दत्ता म्हणाला. मग पुन्हा, हळू आवाजात, "बूच."

मी पहिल्यांदा हाताशी होतं ते केलं, गुडघ्यावर बसून भोकात अंगठा घातला. पाणी अंगठ्याच्या बाजूने येतच राहिलं. "मी सीटवर ठेवलं होतं," दत्ता म्हणत होता. "पळताना पाणी आत येत नाही, थांबलं की येतं, म्हणून कळलं नाही. पण मी सीटवरच ठेवलं होतं. कुणी घेतलं?"

सासूबाई समोरच्या डोंगराकडे फार बारकाईने बघत होत्या.

"काळं होतं का ते?" त्यांनी डोंगराला विचारलं. "पितळी कडीवालं?"

"आई."

"बिनकामाचं पडून होतं ना. मी ड्रमले लावलं."

दत्ताने डोक्याला हात लावला. त्याला बोलायला वेळ नव्हता, कारण पाणी उपसायचं होतं आणि उपसायला काहीच नव्हतं. पुऱ्यांचा डबा दत्ता बसल्याने चेपून निकामी झाला होता. उरला तो श्रीखंडाचा डबा. गच्च भरलेला. "ओत ते पाण्यात," दत्ता म्हणाला.

"दसऱ्याचं श्रीखंड धरणात?" सासूबाई वळून म्हणाल्या. "सारं पुणं हे पानी पिते. लोकाईच्या पान्यात काहून घालतो?"

"मग काय करू?"

"खा."

आणि आम्ही खाल्लं. खरं सांगते. बोट बुडत होती आणि आम्ही तिघं केशरी जॅकेटं घालून हाताने श्रीखंड खात होतो. माझा एक अंगठा भोकात, त्यामुळे मला सासूबाई भरवत होत्या. दत्ता मोठमोठे घास घेत होता आणि दोन घासांच्या मध्ये "लवकर, लवकर" म्हणत होता. श्रीखंड लवकर खाता येत नाही. वेलची माझ्या नाकात गेली, मला शिंक आली, अंगठा निसटला आणि पाण्याचा एक उमाळा दत्ताच्या तोंडावर आला. त्यावर सासूबाईंना जे हसू फुटलं ते आवरेना. त्यांनी तोंडात पदर कोंबला, पदराला श्रीखंड लागलं, मग मीही हसायला लागले. शेवटी दत्ताही. हसण्यामुळे बोट इतकी हलायला लागली की तो "स्टेबल राहा, स्टेबल राहा" असं ओरडत हसत होता.

डबा रिकामा झाला. दत्ता उपसायला लागला. पण भोक चालूच होतं आणि अंगठ्याचं काम नव्हतं ते. तेव्हा सासूबाई पुढे सरकल्या आणि त्यांनी तांदळावरचा गणपती उचलला.

"आई, तो देव आहे," मी म्हटलं. मी देवाचं फारसं करणारी नव्हे, पण तरी.

"म्हनून तर." त्यांनी सुपारी कपाळाला लावली. "बाप्पा, वरून पाहून झालं. आता जरा खालून पाह्य." मग ती खणात घट्ट गुंडाळली आणि माझा अंगठा काढून तिथे बसवली. बसली, पण ढिली. ठोकायला हातोडी कुठून आणणार? अख्खा राहिलेला नारळ होता. सासूबाईंनी नारळाने गणपती ठोकला. एकदा, दोनदा, आणि मग फट्कन नारळ फुटला. त्याचं पाणी सुपारीवर, माझ्या हातावर, सगळीकडे.

"झाली पूजा," सासूबाई म्हणाल्या.

पाणी यायचं थांबलं. आम्ही तिघं त्या हिरव्या खणाच्या गाठीकडे बघत बसलो. एक थेंब येत नव्हता.

मग उपसण्याच्या पाळ्या सुरू झाल्या. दत्ता इंजिनाशी झटापट करायला गेला, कारण ते आता हवा मिळूनही गप्प होतं. आम्ही दोघी डबा एकमेकींच्या हातात देत उपसत होतो. हात चालला की माझं डोकंही चालतं.

"आई, तो इंजिनवाला ड्रम ना? त्याला बूच कशाला लावलंत?"

"दत्तूनं भोक पाडून ठेवलं होतं. गळून राहिला होता."

"पण त्यात पाणी कशाला भरलंत?"

त्यांनी डबाभर पाणी बाहेर टाकलं. "लाखोळीले."

"कशाला?"

"लाखोळी. आमच्याकडं धानाच्या बांधीत पेरतात, तिची भाजी. तुमच्या पुण्यात भेटत नाही. गच्चीवर रंगाच्या रिकाम्या बादल्या होत्या, त्यात पेरली. तात्यारावले सांगू नको, नाही तर तो लिहून ठेवन."

"कधी पेरलीत?"

"घट बसले त्या दिवशी."

मी उपसत राहिले. शेतीतलं मला काही कळत नाही. शनिवार पेठेतली शेती म्हणजे कुंडीतली तुळस. पण तिकीट काढलं होतं गणपतीत, आणि लाखोळी पेरली होती नवरात्रात, एवढा हिशेब मला येत होता.

"आणि भाजी कधी निघते तिची?"

"संक्रांतीच्या आसपास कवळी कवळी..." सासूबाई बोलता बोलता थांबल्या. मग त्यांनी माझ्या हातातला डबा जवळजवळ ओढूनच घेतला आणि भराभर उपसायला लागल्या, जिथे फारसं पाणी उरलंच नव्हतं तिथेसुद्धा.

मला तेव्हाच बोलायचं होतं. शब्द ओठांपर्यंत आलेले होते. पण दत्ताने दोरी ओढली, इंजिन धडाडलं, आणि त्या आवाजात मनातलं बोलण्याइतकी मी अजून गोंदियाची झाले नव्हते.

इंजिन सुरू झालं खरं, पण गिअरचा दांडा आता पुढे जाईना. झेंडूच्या दोऱ्याने आत काय केलं होतं कुणास ठाऊक. तो मधे येत होता आणि मागे जात होता, बस. दत्ताने दोन्ही हातांनी ढकलला, पायाने ढकलला, त्याला इंग्रजीत शिव्या दिल्या.

"मागं जाते ना?" सासूबाईंनी विचारलं.

"हो, पण..."

"मग मागं चाल. घर मागंच आहे."

आणि मंदाकिनी उलटी निघाली. मागचा भाग पुढे, नाकाड मागे, हळूहळू, कारण जोरात घेतलं की पाणी आत येत होतं. दत्ता मान पूर्ण वळवून काठाकडे बघत दिशा देत होता. मी डबा हातात घेऊन तयार. सासूबाई मात्र आपल्या जागेवर पुढे बसून राहिल्या, म्हणजे त्यांना काठ दिसत नव्हता. त्यांना नुसतं पाणी दिसत होतं, दूर दूर जाणारं, आणि त्यावर तरंगणारी आमची झेंडूची फुलं. त्यांनी एकदाही मागे वळून पाहिलं नाही.

काठावर बाबुराव उभे होते. म्हशीही होत्याच. बोटीचं बूड येऊन चिखलाला लागलं तेव्हा त्यांनी विचारलं, "आसं पाठमोरं कशापाई आला वो?"

"आमच्यात निघताना पाण्याला पाठ दाखवत नाहीत," मी म्हटलं. दत्ताच्या वतीने कुणीतरी उत्तर द्यायला हवं होतं.

तो बांधावर जाऊन बसला होता. पँट चिखलाने, शर्ट श्रीखंडाने माखलेला. त्याने मान खाली घातली होती. "मला आईला नुसतं पाणी दाखवायचं होतं," तो म्हणाला. मी त्याच्या शेजारी जाऊन बसले. त्याला थोपटावं असं वाटलं आणि मी थोपटलं.

सासूबाई पदर पिळत आल्या. "दाखवलं ना बाप्पा," त्या म्हणाल्या. "आत आणून दाखवलं."

बोट परत टेम्पोत चढवून घरी पोचेपर्यंत संध्याकाळ झाली. तात्याराव गेटपाशी होते, पण आमचे अवतार बघून त्यांनाही लिहावंसं वाटलं नसावं. आम्ही तसेच तिघं गच्चीवर गेलो, कारण मी म्हटलं, मला लाखोळी बघायची आहे. टाक्यांच्या मागे, कुणाला दिसू नये अशा कोपऱ्यात रंगाच्या बादल्या ओळीने मांडलेल्या होत्या. प्रत्येकीत बारीक हिरवे कोंब. शेजारी विटांवर निळा ड्रम, आणि त्याच्या तळाशी पितळी कडीचं काळं बूच, अगदी घट्ट.

दत्ता वाकला आणि त्याने कडीला हात घातला. सासूबाईंनी त्याच्या हातावर चापट मारली.

"अगं, ते बोटीचं आहे."

"तुझी बोट चालते सुपारीवर. हा ड्रम नाही चालत. बूच मी नाही देत."

"पण आई, उद्या रात्री तू निघणार. मग तुला ते..."

"दत्ता, तू गप्प बस," मी म्हटलं. गच्चीवर कुठलंही इंजिन चालू नव्हतं. "आई, हा ड्रम मी भरणार नाही. आधीच सांगून ठेवते. ही भाजी खुडायची कशी मला माहीत नाही, आणि ह्याला तर गवतातून ओळखताही येणार नाही. तुम्ही गेलात तर संक्रांतीपर्यंत इथे काड्या उरतील." एवढं नेहमीसारखं बोलून झालं. मग उरलेलंही बोलले. "आणि मला तुम्ही जायला नको आहात. भाजीचं सोडा. मलाच नको आहे."

माझा आवाज मध्येच फुटला, त्याची मला फार लाज वाटली. सासूबाईंनी माझ्या गालावर सुकलेलं श्रीखंड आपल्या ओल्या पदराने पुसलं, जरा जोरातच पुसलं. मग दत्ताकडे वळल्या.

"ते तिकीट तू कॉम्प्युटरमधून काढलं होतं ना?"

"हो."

"कॉम्प्युटरमधून परत टाकता येते का?"

"कॅन्सल? येतं की."

"मग ते टाकून दे. तेवढं तरी धड कर." आणि त्या वाकून ड्रममध्ये पाणी किती उरलंय ते बघायला लागल्या.

खाली गेटपाशी टँकरचा हॉर्न वाजला. दिवसभर न आलेला टँकर, दसऱ्याच्या संध्याकाळी, आपल्या मर्जीने. सासूबाईंनी मान वर केली.

"नमू, अर्धाच आहे हा," त्या म्हणाल्या. "बादल्या आण."